महाराष्ट्र एक्सप्रेसचं दुसरं टोक

कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला येऊन थांबते. अंतर १३०० किलोमीटरहून अधिक, आणि सगळं एकाच राज्यातलं. गेल्या दहा वर्षांतल्या मराठी मालिका आठवायला बसलं की मला ही गाडी आठवते, कारण मालिकांमधलं गाव नेहमी तिच्या पहिल्या टोकाशीच वसलेलं असतं. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरचं, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याचं. ‘रात्रीस खेळ चाले’नं तेवढा कोकणाचा रस्ता धरला आणि मालवणी घराघरांत नेली. दुसऱ्या टोकाला धानाच्या बांध्या आहेत, मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, रोवणीच्या दिवसांत चिखलात रांगेनं वाकलेल्या बाया आहेत, दर बारा-पंधरा कोसांवर बदलणारी बोली आहे. यातलं काहीही मराठी मालिकेत पाहिल्याचं मला आठवत नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झाली, जिला आपण आज झी मराठी म्हणतो. जिल्हा आणि वाहिनी एका वयाची. पुढे २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली आणि २०१५ मध्ये तिची कलर्स मराठी झाली. २००८ मध्ये स्टार प्रवाह, २०१८ मध्ये सोनी मराठी, २०२१ मध्ये सन मराठी. पंचवीस वर्षांत मराठी वाहिन्यांची गर्दी झाली. या गर्दीनं मोबाइलच्या पडद्याशी कसं जुळवून घेतलं आणि त्यात कोणाची नोंद घ्यायची राहून गेली, याचा हा आढावा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि साडेआठची मालिका साडेआठलाच पाहायची हा नेम सुटला. वाहिन्यांनी हे लवकर ओळखलं. २०१८ च्या सुरुवातीला झी५ आलं. हॉटस्टारवर तर पैसे भरणाऱ्याला रात्रीचा भाग सकाळीच, टीव्हीच्या आधी, पाहायला मिळू लागला. मालिका दाखवायची कुठे आणि कधी, याची उत्तरं त्यांनी झपाट्यानं शोधली. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायाकॉम१८ एक झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या कालपर्यंतच्या प्रतिस्पर्धी वाहिन्या एका मालकाच्या झाल्या. व्यवहार म्हणून हे सगळं चोख आहे. पण दाखवायचं काय, हा प्रश्न या धांदलीत मागे पडला.

त्या प्रश्नाला वाहिन्यांनी दिलेलं सर्वांत मोठं उत्तर म्हणजे रिमेक. कोविडनंतर स्टार प्रवाहनं झी मराठीला मागे टाकलं ते बहुतांशी याच बळावर. ‘रंग माझा वेगळा’चं मूळ मल्याळम, ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’चं बंगाली, आणि टीआरपीच्या यादीत दीर्घकाळ पहिली राहिलेली ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून आलेली. झी मराठीनंही नंतर तीच वाट धरली; ‘लाखात एक आमचा दादा’चं मूळ तमिळमध्ये आहे, ‘लक्ष्मी निवास’चं कन्नडमध्ये. रिमेक करण्यात पाप नाही. मराठी रंगभूमीनं शेक्सपिअर आणि मोलिएर आपलेसे केलेच की! पण तेव्हा रूपांतर करणारा माणूस मूळ नाटक आपल्या अंगणात आणून बसवत होता. आजच्या रिमेकमध्ये आडनावं मराठी होतात, सणवार मराठी होतात, आणि घर मात्र कुठलंच राहत नाही. तो दिवाणखाना चेन्नईत असेल, कोलकात्यात असेल, नाहीतर ठाण्यात.

पुण्यातल्या प्रेक्षकाला हे जाणवेलच असं नाही. गोंदियातल्या प्रेक्षकाला जाणवतं, कारण त्याच्या रिमोटवर मराठीच्या शेजारी हिंदी आहे. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. घरात पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि त्याच बंगाली ‘श्रीमयी’वरून बेतलेली ‘अनुपमा’ जुलै २०२० मध्ये हिंदीत आली. अरुंधती आणि अनुपमा एकाच घरात, एकाच आठवड्यात, दोन भाषांतून तेच दुःख भोगत होत्या. दोन्ही पाहणाऱ्या बाईला त्यातली कुठली अधिक आपली वाटावी? मराठीतली वाटावी यासाठी मराठी मालिकेनं काहीतरी जास्तीचं द्यायला हवं होतं. मधुराणी प्रभुलकर यांच्या संयत अभिनयानं ते काही काळ दिलंही. पण कथा तीच, वळणं तीच, आणि हिंदीतलं घर अधिक झगमगीत.

याच्या उलट जे फोनवर आपोआप जगलं ते ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेल्या या कार्यक्रमाची घडणच अशी की एक प्रहसन स्वतःपुरतं पूर्ण असतं. आधीचे भाग माहीत असण्याची गरज नाही, पुढचे पाहण्याची सक्ती नाही. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी नटांच्या जोड्या जुळवल्या, त्या पुन्हा पुन्हा घासल्या. समीर चौघुले यांचं नुसतं प्रवेश करणं किंवा नम्रता संभेराव यांचा आवाज बदलणं हेच प्रेक्षकाला ओळखीचं होऊन गेलं. यूट्यूबवर तोडून टाकलं तरी या कार्यक्रमाचं काही तुटत नाही. रोजच्या मालिकेचा एखादा तुकडा फोनवर आला की भांडण किंवा थप्पड एवढंच हाती लागतं. ही जत्रा लेखनाच्या जोरावर टिकली, हे इतरांनी नीट पाहायला हवं होतं. बहुतेकांनी फक्त तिचा हशा मोजला.

कलर्स मराठीनं वेगळं केलं. २०२४ च्या ‘बिग बॉस मराठी’त रील्सवरचा सूरज चव्हाण घरात आणला आणि तो जिंकला. बारामतीकडच्या एका गरीब मुलाला महाराष्ट्रानं निवडून दिलं, याचा मला आनंद आहे. पण वाहिनीनं फोनवर आधीच तयार झालेली ओळख उचलली; ती ओळख घडवण्याचं काम तिचं नव्हतं.

खास फोनसाठीच्या मराठी मालिका, म्हणजे वेबसिरीज, थोड्याच झाल्या. एमएक्स प्लेअरवरची ‘समांतर’, प्लॅनेट मराठीची ‘रानबाजार’, सोनी लिव्हवरची ‘मानवत मर्डर्स’. यातली शेवटची मला महत्त्वाची वाटते, कारण तिनं परभणी जिल्ह्यातल्या मानवतला नाव घेऊन पडद्यावर आणलं आणि १९७० च्या दशकातलं मराठवाड्यातलं गाव कथेच्या मुळाशी ठेवलं. तिथे गावाचं नाव काढून टाकलं तर गोष्टच उरत नाही.

आता गोंदियाच्या घरात या. टीव्ही वाहिन्यांच्या २०१९ च्या नव्या दरपद्धतीत आधी १३० रुपये आणि वर कर, मग आवडीच्या वाहिनीचे वेगळे पैसे. अशी निवड करायची वेळ आली तेव्हा हिंदी आणि मराठी दोन्ही पाहणाऱ्या घरानं काय ठेवलं असेल, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या गावांत घरावर फ्री डिशची छत्री, तिला महिन्याचं भाडं नाही, आणि तिच्यावर मोठ्या मराठी वाहिन्यांच्या ताज्या मालिका नाहीत. मग रिचार्ज मारायचा तो फोनचा. टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कच्या मोजणीत महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार. हिंदी पाहणारं घर तिथे हिंदीत धरलं जातं, आणि फोनवर पाहणारा टीव्हीच्या मीटरला दिसतच नाही. आपल्याकडचं काही दिसत नाही म्हणून लोक मराठी वाहिनी लावत नाहीत, आणि लोक लावत नाहीत म्हणून तिकडचं काही करावं असं वाहिनीला वाटत नाही. हे चक्र कोणी मुद्दाम फिरवलेलं नाही, पण ते थांबवण्यासाठीही कोणी हात घातलेला नाही.

वाहिन्यांच्या बाजूनं एक कारण सतत ऐकू येतं: प्रेक्षकाचा धीर सुटला, त्याला तीस सेकंदांच्या पुढे थांबवत नाही. हे कारण घेऊन एखाद्यानं दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, यावं. धान घरात आलं की मंडया म्हणजे गावजत्रा भरू लागतात, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि गावोगाव नाटकं लागतात ती थेट होळीपर्यंत. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी अर्जुनी मोरगाव सोडून वडशाला पोहोचते. तिथे हंगामात नाटक कंपन्यांचे फलक एकाला एक लागून असतात. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटे संपतं. तीन अंक, मधे गाणी, लावण्या, विनोदी पात्रांचे प्रवेश. पौष-माघाच्या थंडीत माणसं चादर-घोंगडी घेऊन, लेकरं मांडीवर झोपवून, तिकीट काढून बसतात. याच माणसांच्या खिशात फोन असतो, याच माणसांना रील्स येतात. धीर सुटलेला हा प्रेक्षक सात-सात तास कसा बसतो?

ही नाटकं सगळी थोर आहेत असं मी म्हणणार नाही. दारुडा नवरा, सोसणारी बायको, परत आलेला भाऊ हे सांगाडे मालिकांसारखेच झिजलेले आहेत. काही नाटकांत द्वयर्थी विनोद आणि रेकॉर्ड डान्स गोष्टीवरच कुरघोडी करतात, आणि ते पाहताना वाईट वाटतं. पण सदानंद बोरकरांसारखे लेखक-नट या प्रेक्षकासाठी विचारपूर्वक लिहीत आले. विनोदी भूमिका गाजवणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दंडार आणि खडी गंमत या जुन्या खेळांतून वाढत आलेली ही परंपरा दर हंगामात नवी नाटकं मागते आणि तिला ती मिळतात. मुंबईतल्या कुठल्याही लेखनकक्षाला हेवा वाटावा असा हा व्यवहार आहे, कारण काय चाललं आणि काय पडलं हे नटाला त्याच रात्री समोरून कळतं. तृषांत इंगळे यांनी ‘झॉलीवूड’ या २०२२ च्या चित्रपटात हेच जग मोठ्या पडद्यावर आणलं.

टीव्हीचं आणि या रंगभूमीचं नातं सध्या एकाच दिशेनं चालतं. नाटकाच्या पोस्टरवर मालिकेतल्या पाहुण्या कलावंताचा फोटो मोठा, खाली ‘फेम’ हा शब्द, आणि रात्रभर नाटक पेलणारी स्थानिक मंडळी कडेला लहान अक्षरांत. उलट दिशेनं, झाडीपट्टीचा नट मालिकेत मोठ्या भूमिकेत, असं फारसं घडलेलं नाही. त्याचे प्रवेश प्रेक्षक फोनवर टिपतात आणि यूट्यूबवर टाकतात. आवाज फाटलेला, दिवे डोळ्यांत घुसणारे, तरी लोक पाहतात.

बोलीचा प्रश्न यात अडकलेला आहे. विदर्भ पडद्यावर आला तो मुख्यतः दोन वाटांनी: ‘चला हवा येऊ द्या’मधले भारत गणेशपुरे आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली नागपूरची राधिका. अनिता दाते यांनी राधिकेच्या बोलण्याला आधी हसू आणि नंतर मान मिळवून दिला, ही मोठी कमाई. पण त्यामुळे मुंबईत विदर्भ म्हणजे एकच बोली असा समज पक्का झाला. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि झाडीत ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं, झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरली. मालवणीतली अख्खी मालिका महाराष्ट्रानं आवडीनं पाहिली, तेव्हा ‘लोकांना कळणार नाही’ ही सबब २०१६ मध्येच संपली.

अडचण खर्चाची आहे, हे मान्य. रोज एक भाग द्यायचा तर सेट ठाण्यात किंवा मढला लागतो, फार तर साताऱ्या-वाईपर्यंत जाता येतं. हजार किलोमीटरवर रोजचं चित्रीकरण झेपणार नाही. पण ही अट रोजच्या मालिकेची आहे, ॲपची नाही. आठ भागांची गोष्ट एका हंगामात इथे चित्रित होऊ शकते, इथल्याच नटांना घेऊन. त्याआधी त्याहून सोपं काम आहे. एका मंडईत चार कॅमेरे आणि नीट आवाज लावून एक नाटक पहिल्या पडद्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, न तोडता, टिपायचं आणि तसंच ॲपवर ठेवायचं. पाहणारा आहे. रोजचा डेटा रात्री बारा वाजता नव्यानं सुरू होतो. त्या वेळी मंडपात दुसरा अंक नुकता रंगात आलेला असतो आणि बहुतेक फोन घोंगडीखाली असतात.