बारा ग्रंथांचा नेम

गेल्या पाडव्याला मी एक नेम धरला. वर्षभरात मराठीतील बारा जुने ग्रंथ वाचायचे, महिन्याला एक. आमच्या जयसिंगपूरपासून नृसिंहवाडी जवळ. सात दिवसांत ‘गुरुचरित्रा’चे पारायण पुरे करणारी माणसे लहानपणापासून पाहिलेली. मग बारा महिन्यांत बारा ग्रंथ काय अवघड? दुसरेही एक कारण होते, आणि ते सांगायला थोडी लाज वाटते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कादंबऱ्या लिहितो, शाळेत शिकवतो, आणि सभेत कोणी हरिभाऊंचे नाव काढले की जाणत्यासारखी मान हलवतो. हरिभाऊ वाचलेले मात्र नव्हते.

पहिला ग्रंथ बाबा पदमनजींचा ‘यमुनापर्यटन’. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, हे पुस्तक १८५७ चे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याला मान आहे. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते. विषय जळता खरा. पण एक कहाणी संपते न संपते तोच दुसरी पुढे येते. वाचक न्यायाधीशासारखा बसून साक्षी ऐकतो, कोणत्याच बाईच्या घरी राहायला जात नाही. चार दिवसांत पुस्तक संपवले आणि वहीत खूण केली.

दुसरा ग्रंथ हरिभाऊ आपट्यांचा, ‘पण लक्षात कोण घेतो?’ येथे माझे गाडे अडले. येथेही नायिका यमुनाच; पण ही यमू आपल्या पोरवयापासून सगळे सविस्तर सांगत बसते. हरिभाऊंचा पाल्हाळ हा शब्द कानावर होताच. मी खुशाल प्रकरणे गाळू लागलो.

मी रात्री मोठ्याने वाचतो. घरात माझी आत्ती असते. ऐन तारुण्यात तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. भिंतीला टेकून ती ऐकत असे. एके रात्री तिने मला अडवले. “मधलं काय झालं रं? ती पोर काल खेळत हुती न्हवं? ते पोरपणातलं परत वाच की.”

परत वाचले. पुढे रोज एकच प्रकरण, हा तिचा हुकूम. मग ध्यानात आले की ही कादंबरी १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली होती. पहिल्या वाचकांना यमू आठवड्याच्या अंतराने भेटत होती, त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होती. ज्याला आपण पाल्हाळ म्हणतो ते यमूचे संचित आहे. तिचे बालपण, रघुनाथरावांनी तिला शिकवणे, मुंबईतल्या बिऱ्हाडाचे सुखाचे दिवस, हे सारे सावकाश भरले म्हणूनच पुढे ते लुटले जाते तेव्हा आपले काही गेले असे वाटते. तिचे केशवपन होते ते पान वाचताना माझा आवाज फुटेना.

एक दोष मात्र मला टोचला. शंकरमामंजी फारच काळे रंगवले आहेत. एवढा दुष्ट मनुष्य समोर असला की बाकीच्या घराला सुटायला वाट मिळते. हे सुचले तेव्हा संक्रांत होती. ओसरीवर हळदीकुंकू चालले होते आणि आत्ती आत तिळगुळाच्या ताटल्या भरत होती. आमच्या घरात कोणी शंकरमामंजी नाही. तिला आत बसवले कोणी नव्हते. बाहेर या म्हणालेही कोणी नव्हते. इतक्या वर्षांत मीही नाही.

आमच्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामस्थांनी मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. ही बातमी मी तेव्हा शाळेच्या फळ्यावर लिहिली होती. घरी आत्तीला सांगितली नव्हती. कादंबरी संपली त्या रात्री सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “ठराव केला, बरं केलं. पर बोलवाय कोण येतंय?”

हरिभाऊंनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिलेला प्रश्नच तो, आमच्या बोलीत. आत्तीने कादंबरीचे नाव विचारले नव्हते, मीही सांगितले नव्हते.

वर्ष सरले. वहीत सातच खुणा आहेत. पारायण पुरे झाले नाही. अभिजात ग्रंथ कोणता याची व्याख्या पंडितांनी करावी. मला इतकेच कळले की जो ग्रंथ वाचणाऱ्याला त्याच्याच ओसरीवर उभा करून जाब विचारतो, तो जुना झालेला नसतो. वाचकहो, या दिवाळीत असा नेम धरलात तर आकड्याच्या मागे लागू नका. घरात मोठ्याने वाचा, आणि ऐकणारा अडवील तेथे थांबा.

येत्या संक्रांतीला पहिले बोलावणे आत्तीला करायचे, असे आम्ही ठरवले आहे. यायचे की नाही, ते तिने ठरवावे.