पवळेचा त्याग कुणी मोजला?

कराडात पठ्ठे बापूरावांचा विषय निघाला, की पहिले वाक्य ठरलेले असते : ब्राह्मण असून तमाशात गेला. लहानपणापासून मी ते ऐकत आलो. रेठरे हरणाक्ष इथून फार लांब नाही. कृष्णाकाठचे गाव, तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. तिथे १८६६ साली जन्मलेला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी लावण्या रचू लागला आणि जातगोत मागे टाकून फडावर उभा राहिला. ते धाडस होते. १९४५ साली बापूराव गेले ते हलाखीत, हेही खरे.

माझा आजाही तमाशात झीलकरी होता. तो ‘महार असून’ तमाशात गेला, असे कुणी म्हटले नाही. महार, मांग, कोल्हाट्यांनी ढोलकी-तुणतुणे धरले, पायात चाळ बांधले, तेव्हा ते त्यांचे जन्माचे कामच समजले गेले. बापूरावांनी तेच केले आणि त्याला ‘त्याग’ हे नाव मिळाले. वगाची सुरुवात ज्याच्या नावाने सांगतात तो उमा-बाबू सावळजकर याच मुलखातला, मांगाच्या घरचा. त्याचे नाव आमच्याकडे किती पदवीधरांना ठाऊक आहे, विचारून पाहा.

आणि पवळा? संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची महाराची पोर. बापूराव-पवळा ही जोडी गाजली, पण समीक्षकाच्या हाती उरतो तो छापील शब्द. लावणीत बहुधा बाईच बोलते, मात्र शेवटच्या कडव्यात नाव येते शाहिराचे. बापूरावांचा शब्द ठसकेबाज होता, यात वाद नाही. तो शब्द बैठकीत उभा करणारा गळा, मुरका, नजर कागदावर उतरत नाही, म्हणून ते वाङ्मय नव्हे, असा आमच्या विद्वानांचा हिशेब. मला तो हिशेब जातीचाच वाटतो.

बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे पैसे देऊ केले आणि महारांच्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. ऐकणारे बापूरावांच्या मनाला काय वाटले असेल ते विचारतात. पवळेला काय वाटले असेल, हे विचारताना मी कुणाला ऐकले नाही. बाबासाहेबांचे मला पटते. आमच्या लेकीबाळींच्या नाचण्यावर चळवळ उभी राहू नये, हे बरोबरच. तरी त्या पैशात पवळेचाही घाम होता, तो नाकारला गेला तेव्हा तिला कुणी काही विचारले का, हा काटा माझ्या मनातून जात नाही.

१९५६ नंतर आज्याने फड सोडला. तुणतुणे आढ्याला टांगले. पुढे कुणी तमाशाचे नाव काढले तर रागवायचा. पावसाळ्यात, घरात कुणी नाही असे पाहून, तेच तुणतुणे खाली काढायचा आणि तार पिळत बसायचा. मी दाराआडून पाहिले आहे.