अजब बंगल्यातील ‘जाती’ : पक्षी, माणसे आणि देवटेकची शिळा

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्यास आजही ‘अजब बंगला’ म्हणूनच ओळखतात. पेंढा भरलेले पशुपक्षी, शिल्पे, शिलालेख, शस्त्रे, चित्रे आणि आदिवासींच्या कलावस्तू हे सारे तेथे एकाच छताखाली पाहावयास मिळते. निसर्गेतिहास व मानवेतिहास यांचे हे साहचर्य प्रादेशिक संग्रहालयाचे वैशिष्ट्यच होय. परंतु त्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. पक्ष्यांचे वर्गीकरण ज्या न्यायाने होते, त्याच न्यायाने माणसांचे करता येईल काय?

संग्रहालयाच्या जन्मकाळाचे उत्तर होकारार्थी होते. खनिजे, प्राणी आणि ‘जमाती’ यांची नोंद हा वसाहतकालीन प्रशासनास एकाच मोजणीचा भाग वाटे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे भूगर्भाचे अभ्यासक. आदिवासींविषयीची टिपणेही त्यांचीच. त्यांच्या निधनानंतर सर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड आले. या परिश्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्याच परंपरेतील रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड वंशाधारित ठरविली, हेही विसरता येत नाही. बाबासाहेबांनी ‘दि अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात अशीच मोजमापे हाती घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत, असे दाखविले. साधन तेच, निष्कर्ष मात्र उलटा.

या वादाचे मूळ उत्तर सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात आहे. ब्राह्मण जन्माने की कर्माने, असा वासेट्ठ व भारद्वाज यांचा वाद आहे. तथागत प्रथम तृण, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मत्स्य आणि पक्षी असा क्रम घेतात. त्या प्रत्येकात ‘जातिमय लिंग’, म्हणजे जन्मसिद्ध भेदचिन्ह, आढळते, असे ते सांगतात. नंतर ते मनुष्याकडे वळतात. केस, कान, डोळे, नाक, ओठ असे अवयव एकेक करून तपासतात आणि असे चिन्ह येथे नाही, असा निर्णय देतात. माणसांतील भेद ही ‘समञ्ञा’ आहे, म्हणजे व्यवहाराने दिलेले नाव. शेती करणारा शेतकरी, व्यापार करणारा व्यापारी. निसर्गातील विविधता मान्य करूनच येथे जातिभेद अमान्य केला आहे, ही या युक्तिवादाची खरी ताकद होय.

हे सूत्र संग्रहालयाच्या मांडणीस लावून पाहावे. पक्ष्याच्या पाटीवर जातीचे नाव असणे शास्त्रशुद्ध आहे. मात्र गोंड कारागिराची कलाकृती केवळ ‘अमुक जमातीचा नमुना’ म्हणून मांडली, तर कर्ता लोपतो आणि समञ्ञेलाच लिंगाचे रूप येते. तेथे प्रथम सांगावयाचे ते त्याचे शिल्प, साहित्य व कौशल्य.

याच संग्रहालयात चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकची शिळा आहे. तिच्यावरील जुना प्राकृत लेख अशोककालीन ब्राह्मीत असून तो प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करतो. तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते. त्याच शिळेवर वाकाटक पहिल्या रुद्रसेनाचा संस्कृत लेखही आहे. लिपी व काळ पाहता तिची जागा शिलालेखांत. आशय पाहता तिचा संबंध प्राणिदालनाशी. अरण्याकडे पाहण्याची एक प्राचीन नैतिक दृष्टी तिच्यात कोरलेली आहे. मात्र ती राजाज्ञाही आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अटवीवासीयांना इशाराही आहे, हे ध्यानात ठेवूनच तिचा गौरव करावा. करुणेची आज्ञा ज्यांच्या अरण्यात लागू झाली, त्यांची बाजू शिळेवर नाही. ती मांडण्याचे दायित्व संग्रहालयाचे आहे.

म्हणून देवटेकच्या लेखाचा मराठी अर्थ प्राणिदालनाच्या दाराशी असावा आणि वासेट्ठसुत्ताचा आशय मानवविभागाच्या दाराशी. यासाठी नवी इमारत लागत नाही. प्रेक्षकाने पशूंकडून माणसांकडे जाताना एक उंबरठा ओलांडला आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.