भेगा तर दरवर्षीच पडतात

परभणी जिल्ह्यात पावसाने ओढ दिली की वृत्तपत्रांत एक ठरलेलं छायाचित्र येतं: भेगाळलेली जमीन, तिरपं ऊन आणि कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे पाहणारा शेतकरी. रचना चोख, प्रकाश सुरेख. पण गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या खोऱ्यातली भारी काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून फाटते; भरपूर पावसाच्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही तिला भेगा पडतातच. दुष्काळाचा म्हणून छापलेला हा पुरावा बऱ्याचदा निव्वळ मे महिन्याचा असतो. दुःखाचं चित्र फार सुंदर असू शकतं का, या वादात शिरायला हीच वाट बरी. सौंदर्यापायी चित्रातून काय वगळलं गेलं ते आधी पाहावं. बहुतेक वेळा वगळलेलं असतं ते कारण.

आक्षेप जुना आहे. ब्राझीलच्या सेबास्तियाँव साल्गादो यांच्या छायाचित्रांवर इन्ग्रिड सिशी यांनी 1991 मध्ये ‘न्यू यॉर्कर’मधून साधारण हाच ठपका ठेवला होता: यातना इतक्या देखण्या होतात की पाहणारा कौतुक करून मोकळा होतो. हे सरसकट मानलं तर रघु राय यांनी डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला टिपलेलं, अर्धवट पुरलेल्या बाळाचं छायाचित्रही बाद ठरेल. त्याची मांडणी विलक्षण रेखीव आहे. पण त्या बाळाचे उघडे, पांढुरके डोळे विषारी वायूने काय केलं तेच सांगतात. ते चित्र दुसऱ्या कुठल्या दुर्घटनेच्या बातमीला चिकटवता येत नाही. सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरची कृष्णधवल छायाचित्रंही देखणीच (दुर्गंधी कागदावर येत नाही, हे आपलं नशीब), पण घाणीत उतरलेलं माणसाचं अंग त्यांत झाकलं जात नाही. याउलट सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीतली मराठवाड्याची ड्रोनदृश्यं पाहा. उंचावरून बांध, रस्ता, सोयाबीन सगळं एकाच चकाकत्या पत्र्यासारखं दिसतं. भिजलेली शेंग उकलली की आत दाण्याला फुटलेला कोंब असतो, आणि अशा मालाला बाजारात कोण विचारतो? तेवढ्या जवळून घेतलेला फोटो ओबडधोबड असेल, पण नुकसान कशाचं झालं ते त्यातच कळतं.

वृत्तपत्रवाले म्हणतील, गंगाखेड-जिंतूरला वेगळा छायाचित्रकार कुठून आणायचा? बातमी लिहिणारा वार्ताहरच मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. खरं आहे. पण तो फोटो निदान त्या गावचा, त्या दिवसाचा असतो. तो बाजूला सारून ‘संग्रहित छायाचित्र’ लावायचं डेस्कवर ठरतं, आणि तेही पान उठावदार दिसावं म्हणून. दुसरा बचाव असा की देखण्या चित्राशिवाय वाचकाची नजर थांबत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा सारा देश टाकीच्या वाघिणींची साधी रांग पाहत होता. देखणं त्यात काही नव्हतं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. एवढं पाणी लातूरला किती तास पुरेल, याचा हिशेब वाचकाला घरबसल्या मांडता येत होता.