सूत्रग्राहीची जागा

देवळाच्या सभामंडपात शिरताना भिंतीत बसविलेल्या संगमरवरी पाट्या वाचण्याची आम्हांस जुनी खोड आहे. कोणी फरशी घातली, कोणी पतीच्या स्मरणार्थ गर्भागाराचे दार रुप्याने मढविले, कोणत्या साली महाजनांनी जीर्णोद्धार केला, हे सारे तेथे कोरलेले असते. या पाट्यांवर स्त्रियांची नावे मुळीच कमी नाहीत. परंतु मंडपाचे खांब कोणाच्या हिशेबाने उभे राहिले, घुमटाचा भार भिंतींवर कोणी तोलला, हे बहुधा कोणत्याच पाटीवर नसते. क्वचित असले तर ते नाव पुरुषाचे असते. दात्री म्हणून स्त्री आमच्या देवळांत पहिल्यापासून आहे. कर्त्री म्हणून ती कोठे आहे, आणि असल्यास ती आपली विद्या कोणाच्या हाती देते, हा आजच्या लेखाचा विषय होय.

आमच्या बेळगावकडील वाचकांना पट्टदकल फार दूर नाही. तेथील विरूपाक्षाचे देऊळ आठव्या शतकातले. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने ते बांधविले. तेथील शिलालेख राणीचे नाव तर सांगतातच, पण सूत्रधार गुंड अनिवारिताचारी याचेही नाव मानाने सांगतात. पुढे सुमारे हजार वर्षांनी, १७८० साली, अहल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचे मंदिर उभारले. तेही आपण 'बांधविले' असेच म्हणतो. बांधणे आणि बांधविणे यांत मराठीने एकाच अक्षराचे अंतर ठेवले आहे. ते एक अक्षर ओलांडावयास स्त्रीला विसावे शतक उजाडावे लागले.

असे का झाले, याचे उत्तर पुष्कळांना शास्त्रात आहे असे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. 'मयमता'त बांधकामाचे चार अधिकारी सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपतीच्या खालोखाल सूत्रग्राही. दोरी धरणारा, मापे जाणणारा, स्थपतीच्या मनातली आकृती जमिनीवर आखून देणारा तो. हा सूत्रग्राही कोण असावा? स्थपतीचा पुत्र किंवा शिष्य, असे तो ग्रंथ म्हणतो. म्हणजे या विद्येचा प्रवाह वाहण्यास शास्त्राने दोन पाट काढून दिले होते, एक रक्ताचा व दुसरा शिकवणीचा. स्त्री अडली ती दुसऱ्या पाटाच्या तोंडाशी, कारण तिला शिष्य म्हणून जवळ बसविणारा कोणी नव्हता. विद्येच्या दाराला कडी घालावयास निषेधच लागतो असे नाही. कोणी आत या म्हटले नाही म्हणजे पुरे होते.

म्हणूनच पहिली स्त्री आली ती रक्ताच्या पाटाने. पेरिन जमशेटजी मिस्त्री यांनी १९३६ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून वास्तुविद्येची पदविका मिळविली. या व्यवसायाची रीतसर पात्रता मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री समजल्या जातात. वडील जमशेटजी स्वतः वास्तुशिल्पी. त्यांच्याच कार्यालयात कन्या दाखल झाली व पुढे भागीदार झाली. 'मयमता'तील पुत्राच्या ठिकाणी कन्या आली, इतकेच. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ज्या मुलीचा बाप वास्तुशिल्पी नाही तिचे काय, हा प्रश्न तिने सुटला नाही.

त्याचे एक उत्तर पुढे चंदीगडला मिळाले. १९५१ पासून तेथे नवी राजधानी उभी राहात होती. ल कॉर्ब्युझिए, प्येर जानरे व मॅक्सवेल फ्राय यांच्या जोडीला जेन ड्र्यू ही इंग्रज वास्तुशिल्पी होती. लंडनमध्ये महायुद्धाच्या काळात आपले स्वतंत्र कार्यालय थाटताना आरंभी तिने स्त्री-वास्तुशिल्पींनाच कामावर घेण्याचा प्रयत्न केला होता. त्याच चंदीगडच्या चमूत ऊर्मिला युली चौधरी या भारतीय वास्तुशिल्पी काम करू लागल्या. तेथील महिलांचे पॉलिटेक्निक त्यांच्या हातचे. १९६३ ते १९६५ या काळात दिल्लीच्या वास्तुविद्यालयाची सूत्रे त्यांच्याकडे होती, आणि पुढे पंजाब राज्याच्या मुख्य वास्तुशिल्पीचे पद त्यांनी सांभाळले. येथे वारसा घराचा नव्हता. एका मोठ्या कामाच्या मांडवाखाली बसून मिळविलेली ती विद्या होती, व ती पुढे विद्यार्थ्यांना दिली गेली.

मुंबईत असे नेहमी घडले नाही. नव्या मुंबईची कल्पना तिघांनी मिळून मांडली होती: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. १९६५ साली ती 'मार्ग' त्रैमासिकात प्रसिद्धही झाली. आज त्या शहराची गोष्ट सांगताना पहिली दोन नावे जिभेवर सहज येतात. तिसरे विसरले जाते. ज्याचे नाव विसरले जाते त्याची शिकवण सांगणारे कोठून मिळणार?

आमच्या मते या विषयाचा खरा कस ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यात लागतो, आणि आमच्या वाचकांना तर ते कार्य दुरून ऐकण्याचे नाही. वडोदऱ्याची नालंदा शाळा, इंदूरचे टाटा कन्सल्टन्सीचे संकुल, गोव्यात साखळीजवळची व्यवस्थापन संस्था ही सारी त्यांच्या कार्यालयाची कामे. १९४९ साली जन्मलेल्या या बाईंनी सत्तरीच्या दशकात आईवडिलांच्या बागेतील एका शेडमध्ये काम सुरू केले. भगिनी रंजिनी कलप्पा भागीदार झाल्या, म्हणून संस्थेचे नाव सोमाया आणि कलप्पा. रंजिनीबाई पुढे परदेशी गेल्या, नाव राहिले. आज कन्या नंदिनी सोमाया संपत त्याच संस्थेच्या संचालक आहेत. पेरिनबाईंच्या वेळी पित्याकडून कन्येकडे गेलेले सूत्र येथे मातेकडून कन्येकडे गेले. हे दृश्य सुखावह आहे, तरीही पाट रक्ताचाच, हे आम्हांस नमूद केलेच पाहिजे.

परंतु बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि त्यांचे मोठेपण आम्ही येथे मानतो. २००० साली त्यांनी मुंबईत दक्षिण आशियातील स्त्री-वास्तुशिल्पींची परिषद भरविली. निरनिराळ्या देशांत, आपापल्या कोपऱ्यात एकेकटीने काम करणाऱ्या स्त्रिया एका ठिकाणी जमल्या, आणि 'ॲन इमॅन्सिपेटेड प्लेस' हा ग्रंथ त्यातून निघाला. ज्या मुलीला घरात गुरू नाही तिच्यासाठी शिष्येचे आसन प्रथमच उघड मांडले गेले ते येथे. १७ वर्षांनी, २०१७ साली, माधवी देसाई यांचा आधुनिक भारतातील स्त्री-वास्तुशिल्पींवरील इंग्रजी ग्रंथ आला. अहमदाबादच्या वास्तुविद्यालयात अध्यापन केलेल्या बाईंनी तो लिहावा, हे योग्यच झाले. शिक्षिकेने इतिहास लिहिला म्हणजे विद्यार्थिनींना आपल्या आधी कोणी होऊन गेले हे कळते.

या जातीच्या ग्रंथांविषयी, कोणा एकाविषयी नव्हे, आमची एक तक्रार आहे. त्यांत इमारती दिसतात, पारितोषिके दिसतात. त्या इमारतींच्या आराखड्यांवर कोणत्या मुली वाकल्या होत्या, त्यांना कोणी काय शिकविले आणि कोठे चुकू दिले, हे अभावानेच कळते. स्थापत्याची विद्या तर अशीच शिकली जाते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात काही महिन्यांची उमेदवारी सक्तीची आहे, आणि अनेकींचे पुढचे आयुष्य त्या महिन्यांत ठरते. आरंभी जिन्याच्या पायऱ्या आणि न्हाणीघराचे नळ काढावयाचे. मग एके दिवशी कोणीतरी कामावर घेऊन जाते. तेथे गवंडी 'साहेब कधी येणार?' असे विचारतो, कारण समोर उभ्या असलेल्या मुलीला साहेब समजण्याची त्याला सवय नसते. अशा वेळी शेजारी उभी असलेली ज्येष्ठ बाई काय करते? ती पुढे होऊन स्वतः उत्तर देते, की मुलीच्या हाती ओळंबा देऊन एक पाऊल मागे सरते? आम्ही तर यालाच गुरुपण म्हणू.

त्याच जागेवर आणखी काही स्त्रिया असतात. त्या घमेली वाहतात, वीट चढवितात, वाळू चाळतात. थापी त्यांच्या हाती सहसा येत नाही. गवंडी पुरुष आणि बिगारी बाई ही वाटणी आपल्याकडे पक्की आहे. स्त्री-वास्तुशिल्पींच्या गौरवात या स्त्रियांचा उल्लेख आम्हांस फारच थोडा आढळतो. १९३६ पासून आजवर कार्यालयातील सूत्र स्त्रीच्या हाती आले, पण कामावरचे सूत अजून आले नाही. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर भडली गावाची पुनर्बांधणी सोमाया यांनी ग्रामस्थांना सहभागी करून घेऊन केली, हे आम्हांस ठाऊक आहे व त्याचा आदर आहे. तशा कामांतूनच ही दुसरी वाट निघण्याचा संभव आहे. संगणक कंपन्यांच्या देखण्या संकुलांतून ती निघेल असे आम्हांस वाटत नाही.

आता अहमदाबाद. देवळाशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील, थोडे थांबावे. तेथील व्यवस्थापन संस्थेच्या विटांच्या इमारती लुई कान या अमेरिकन वास्तुशिल्पीने १९६२ पासून रचल्या. पन्नास वर्षांत त्या दुखू लागल्या. आतली लोखंडी सळई गंजली, गंजून फुगली, आणि फुगताना तिने विटा फोडल्या. तेथील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे जतन सोमाया यांच्या कार्यालयाने केले, आणि २०१९ साली त्यास युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक पारितोषिक मिळाले. असे काम करावयाचे तर आधी भिंतीभिंतीची नोंद करावी लागते. कोणता तडा जुना, कोणता वाढता, पाणी कोठून शिरते, हे महिनोन् महिने पाहावे लागते. हाताखालच्या मुलामुलींना याहून चांगली शाळा नाही. नवे बांधताना स्वतःची आकृती उमटविण्याचा मोह असतो. जुने राखताना दुसऱ्याचे मन वाचावे लागते.

तरीही २०२० च्या डिसेंबरात त्या संस्थेने आपल्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडण्याचा विचार जाहीर केला. जगभरातून निषेध झाला, तेव्हा तो मागे घेतला गेला. परंतु २०२२ साली नव्याने बांधण्याचीच भाषा पुन्हा झाली. वास्तुशिल्पीला रखवालदार मानणाऱ्या सोमायांना हे शल्य असणारच. आमचा आक्षेप निराळा आहे. रखवालदार एकटा पुरत नाही. धन्याच्या मनात पाडावयाचे आले म्हणजे रखवालदाराचा इलाज चालत नाही. तेथे जुने वाचू शकणारी, त्याची बाजू मांडू शकणारी माणसे बरीच असावी लागतात.

हेच आमच्या देवळांत चालले आहे. चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया व कौले असलेले देऊळ 'जीर्ण' ठरविले जाते आणि त्या जागी सळईचे सिमेंट काँक्रीट, वर ग्रॅनाइटचे चकचकीत पत्रे. खाऱ्या वाऱ्याच्या मुलुखात ती सळई किती वर्षे टिकेल, हे अहमदाबादेसारख्या कोरड्या हवेच्या गावाकडून तरी शिकावे. शास्त्रातला जीर्णोद्धार म्हणजे मोडतोड नव्हे. जे ठीक आहे ते ठेवून मोडलेले बदलणे, हा त्याचा अर्थ. तडा वाढता की जुना, हे समितीतल्या कोणास कळते? ठेकेदारास विचारले जाते, आणि ठेकेदार नेहमी नवे बांधा म्हणतो.

गोव्यात १९८२ पासून वास्तुविद्येचे महाविद्यालय आहे. आमच्याच कुळांतल्या, आमच्याच देवळांत लहानपणी पालखीमागे चाललेल्या मुली तेथून शिकून बाहेर पडतात. जुन्या इमारतीची मोजणी कशी करावी हे त्यांना ठाऊक असते. जीर्णोद्धार समितीच्या बैठकीस त्यांतील एकीला बोलाविल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही. शिखर पाडण्याचा ठराव मांडण्यापूर्वी एखाद्या देवस्थानाने एका अनुभवी वास्तुशिल्पी बाईंना आणि त्यांच्यासोबत दोन शिकाऊ मुलींना पावसाळ्याचे चार महिने देऊळ पाहू द्यावे, पाणी कोठे ठिबकते ते नोंदू द्यावे. खर्च फार येणार नाही. रुप्याच्या एका दारापेक्षा खासच कमी. आणि काम पुरे झाल्यावर पाटी बसवावयाची असेलच, तर पट्टदकलच्या राणीने आपल्या सूत्रधारासाठी ठेविली तेवढी जागा तीवर राखावी.