तरफेचा धडा आणि दारातली हापशी

तरफ शिकवून झाली की आपण फळ्यावर तीन रकाने आखतो. कात्री पहिल्यात, अडकित्ता दुसऱ्यात, चिमटा तिसऱ्यात. मुले ते पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवतात आणि धडा संपतो. हा धडा मी अनेक वर्षे शिकवला आहे. माझी तक्रार अशी की तो नावे देतो, पण तरफ नेमके काय करते हे विचारीतच नाही.

वर्गीकरण अगदीच निरुपयोगी नाही. टेकू शोधण्याची सवय त्याने लागते. पण अडकित्ता हातात घेऊन पाहा. सुपारी बिजागरीपासून ३ सेंमी आणि हाताची पकड १५ सेंमी अंतरावर असेल, तर सुपारीवर हाताच्या पाचपट बल पडते. सुपारी ६ सेंमीवर सरकवली की ते अडीचपटच उरते. प्रकार मात्र दोन्ही वेळा दुसराच! पानठेल्यावरचा माणूस कठीण सुपारी बिजागरीकडे का ढकलतो, याचे उत्तर रकान्यात नाही, अंतरात आहे.

चिमट्याची गोष्ट उलटी. तेथे टोकाशी मिळणारे बल बोटांनी लावलेल्या बलापेक्षा कमी असते. मग ही तरफ वापरायचीच कशाला? हात विस्तवापासून लांब राहतो आणि बोटे थोडी हलली तरी टोके बरीच हलतात, म्हणून. हे सांगितले नाही तर तिसरा प्रकार म्हणजे सदोष तरफ, असा समज मुले करून घेतात.

मुलांना घेऊन आपण रमण विज्ञान केंद्रात जातो, जावेच. पण गावातली हापशी तपासायला बस लागत नाही. जालना आणि सोलापूर येथील पंपांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात घडलेला 'इंडिया मार्क दोन' पंप घ्या. त्याच्या दांड्याचे गुणोत्तर सुमारे ८:१, दट्ट्याची चाल १२५ मिमी, सिलिंडरचा व्यास ६३.५ मिमी. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलो पाणी असते. हाताला त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे १२ किलोच्या आसपास, भार जाणवतो. (घर्षण सोडून, आतील सळ्यांचे वजन बरेचसे भरीव दांडाच तोलतो.) पण त्यासाठी हात दर वेळी सुमारे १ मीटर खाली न्यावा लागतो, आणि पाणी येते ४०० मिलिलिटरच्याही आत! पंधरा लिटरची बादली भरायला चाळीसेक हापसे लागतात. 'तरफेने काम वाचते' हे वाक्य वहीत लिहून घेणाऱ्या मुलीला हे मोजायला लावा. घरचे पाणी बहुधा तीच भरते.

पुस्तकातील आकृतीत तरफ नेहमी आडवी सरळ काठी असते. या पंपाच्या दांड्याचे आतले टोक मात्र वर्तुळाच्या पाकळीसारखे असून सळई त्यावरून जाणाऱ्या साखळीला टांगलेली असते. त्यामुळे दांडा फिरला तरी सळई सरळ उभीच वर येते आणि भारभुजा बदलत नाही. भुजा म्हणजे काठीची लांबी नव्हे, टेकूपासून बलाच्या रेषेवरचे लंबांतर, ही गोष्ट इतक्या उघडपणे दाखवणारे साधन मला दुसरे आढळलेले नाही.

परीक्षेत 'हातपंप कोणत्या प्रकारची तरफ?' असा एका गुणाचा प्रश्न असतो. पुढल्या चाचणीत मी दोन्ही भुजांची मापे देऊन बादलीचे हापसे काढायला सांगणार आहे, चार गुणांना.