ओरडणाऱ्या गळ्यातील प्रार्थना

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील एका मातेने आपल्या मुलाचा मोबाइल माझ्यासमोर धरला. “फादर, हे ख्रिस्ती गाणे आहे असे हा म्हणतो. ह्या आरडाओरडीत देव कुठे आहे, तेवढे मला सांगा.” मुलगा मान खाली घालून उभा होता. सेमिनरीत ग्रेगोरियन गायनावर पोसलेल्या माझ्या कानांनी पहिल्या दोन मिनिटांतच मातेच्या बाजूने कौल दिला होता. तरीही निकालापूर्वी पूर्ण ऐकून घ्यावे, ही पापनिवेदनाच्या आसनावर जडलेली सवय. म्हणून तो गीतसंग्रह मी मागून घेतला आणि शब्द समोर ठेवून अनेकदा ऐकला.

संग्रहाचे नाव ‘ब्रदर, सिस्टर’. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या ‘मीविदाउटयू’ ह्या वाद्यवृंदाचा हा तिसरा संग्रह सप्टेंबर 2006 मध्ये ‘टूथ अँड नेल’ ह्या संस्थेने प्रसिद्ध केला. वृंदाच्या नावाचा सरळ अर्थ ‘तुझ्याविना मी’. शास्त्रपरिचय असलेल्या वाचकाला हे नाव ऐकताच कान टवकारावेसे वाटतील. ह्याआधीच्या, 2004 च्या संग्रहाचे शीर्षक तर गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायातील द्राक्षमळे नासवणाऱ्या कोल्ह्यांवरून घेतलेले आहे. ह्या संगीतप्रकाराला ‘पोस्ट-हार्डकोर’ म्हणतात. पंक संगीताच्या अतिवेगवान, रांगड्या शाखेतून तो निघाला. तिचा आवेश त्याने ठेवला, पण लयीत चढउतार, मधूनच शांतता आणि गुंतागुंतीची रचना आणली.

गायक अ‍ॅरन वाइस रूढ अर्थाने गातच नाही. तो बोलतो, पुटपुटतो, बोलता बोलता त्याचा आवाज फाटतो. हे मला प्रारंभी असह्य झाले. मग स्वतःलाच विचारले, की एकशे तिसाव्या स्तोत्रातील ‘खोल गर्तेतली हाक’ आपण प्रत्येक अंत्यविधीला इतक्या संथ सुरात म्हणतो, ती मुळात हाक होती ना? इयोबाने आपले गाऱ्हाणे तालासुरात मांडले नव्हते. वाइसचे ओरडणे बहुतांशी रागाचे नाही, लाजेचे आहे. पहिल्या गीतात तो स्वतःला भरकटलेल्या नौकेवरचा खलाशी कल्पितो. परस्त्रीकडे वळणारी नजर, गळाला लागलेला ओठ, गोदीतून न हललेल्या होडीतही होणारी मळमळ, असे सारे तो निवेदित करतो. समुद्रकाठच्या कोळी बांधवांना ह्या प्रतिमा समजावून द्याव्या लागणार नाहीत. मला तर त्यात पापनिवेदनाचाच सूर ऐकू आला, आणि तोही सराईत नव्हे.

परंतु संग्रहाचा खरा कस दुसऱ्या गीतात लागतो. ‘द ड्रायनेस अँड द रेन’ हे त्याचे नाव. कोरडेपणा आणि पाऊस. अध्यात्मातील शुष्कता म्हणजे काय, हे क्रुसाच्या संत योहानाने सांगितले आहे, आणि तीस वर्षांच्या धर्मगुरुपदानंतर मला ते पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. ह्या गीतात एक प्रतिमा येते : वनातील सर्व वृक्षांच्या लेखण्या केल्या आणि सागरांची शाई केली, तरी देवाचे वर्णन लिहून संपणार नाही. आपल्याकडचा वाचक येथे चमकेल. हीच कल्पना शिवमहिम्नस्तोत्रात आहे, कबीराच्या दोह्यात आहे. कुराणाच्या 31 व्या सूरेतही ती आहे, आणि वाइसने ती तेथूनच उचलली असावी. आपल्या योहानाच्या शुभवर्तमानाचे अखेरचे वचनही ह्याच दारात येऊन थांबते : येशूची सर्व कृत्ये लिहिली, तर ती पुस्तके जगात मावणार नाहीत.

कुराणाची प्रतिमा अमेरिकन ख्रिस्ती गायकाच्या तोंडी कशी? वाइसचे वडील ज्यू कुळातले, आई एपिस्कोपल पंथातली. दोघेही सूफी मार्गाकडे वळले. त्या शहरात बावा मुहैयद्दीन नावाचे श्रीलंकेतील तमिळभाषक सूफी गुरू 1971 मध्ये आले व 1986 मध्ये तेथेच निवर्तले. वृंदाच्या 2009 च्या संग्रहात तर त्यांची एक बोधकथाच गीत होऊन आली आहे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सांगितले. फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराणासाठी ओवी घेतली, तेव्हा तर परिषदेला साडेतीन शतके अवकाश होता. म्हणून उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती शेवटच्या, तेराव्या गीताबद्दल. आणि तेच संग्रहातील सर्वांत सुंदर गीत आहे, ही अडचण. आरोळ्या थांबतात, हार्पचे स्वर झिरपू लागतात. टोपलीत ठेवलेला बाळ मोशे नाईल नदीवरून वाहत जातो. अखेरीस गायक स्वतःचे अस्तित्वच नाकारतो व केवळ ‘तू’ उरतो. पहिल्या गीताच्या आरंभीही हाच नकार होता, पण तेथे तो तोंडपाठ वाक्यासारखा होता. येथे तो मनापासून येतो. सूफी ह्याला ‘फना’ म्हणतात. संत पौलही गलतीकरांस ‘मी नव्हे, ख्रिस्त’ ह्या अर्थाचे लिहितो, पण लगेच पुढे म्हणतो की त्याने ‘माझ्यावर’ प्रीती केली. तो ‘मी’ पुसला जात नाही. त्याच्यावर प्रेम केले जाते. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात तरी काय घडते? फारोची कन्या बाळाला पाण्यातून काढते आणि त्याला नाव देते. नदीत विरघळण्यासाठी ते बाळ वाहत नव्हते. वाइसने प्रतिमा अचूक निवडली आणि ती किनाऱ्याला लागण्याआधीच सोडून दिली, असे मला वाटते.

मधली काही गीते मला एकसुरी वाटली. कोळ्यांच्या नावांची तीन चिमुकली गीते मात्र (कोळी म्हणजे येथे जाळे विणणारा जीव) दोन गदारोळांमधील विसाव्यासारखी आहेत. संग्रहाचे शीर्षक असिसीकर संत फ्रान्सिसच्या सूर्यगीताची आठवण देते, त्याला ह्या क्षुद्र जीवांमुळेच अर्थ येतो. हा वृंद 2022 मध्ये अखेरचे कार्यक्रम करून थांबला.

त्या मातेला मी सांगितले, की मुलाला ऐकू द्या, पण एकट्याला नको. मग तिघांनी बसून तेरावे गीत ऐकले. मोशेचे नाव आले तेव्हा तिने मुलाकडे पाहिले आणि विचारले, “हा आपलाच मोशे ना रे?”